धन आणि धम्म : दोन डोळ्यांची दृष्टी

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. ज्या धम्माने तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले, त्या धम्माच्या उपासकाने पैसा मिळविण्याच्या खटपटीस लागावे काय? पक्के घर बांधणे, दोन एकर जमीन घेणे, पोस्टात चार पैसे शिल्लक टाकणे, हे सारे तृष्णेच्याच खाती जमा होते काय? वडील माणसे हा प्रश्न संकोचाने विचारतात. तरुण मंडळी तोच प्रश्न उलट्या टोकाने आणि चढ्या आवाजात मांडतात. त्यांचे म्हणणे असे की, त्रिशरणाने पोट भरत नाही. आधी पैसा, मग सवड मिळाली तर धम्म. पहिला पैशाकडे पाठ फिरवितो, दुसरा धम्माकडे. आमच्या मते दोघांचीही दिशाभूल झाली आहे. आणि ही दिशाभूल विचारापुरती राहत नाही. ती घराच्या जमाखर्चात, मुलांच्या शिक्षणात आणि अखेरीस कोर्टाच्या पायरीवर येऊन उभी राहते. म्हणून या अंकात तिचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अंगुत्तर निकायात तथागतांनी तीन प्रकारची माणसे सांगितली आहेत : एक आंधळा, एक एकाक्ष आणि एक दोन्ही डोळे असलेला. ज्याला न मिळालेले धन मिळविण्याची व मिळालेले वाढविण्याची दृष्टी नाही, आणि चांगले कोणते व वाईट कोणते हे ओळखण्याचीही दृष्टी नाही, तो आंधळा. ज्याला धन दिसते परंतु धर्माधर्म दिसत नाही, जो चोरीने, फसवणुकीने व खोटे बोलून संपत्ती जमवितो, तो एकाक्ष. ज्याला धन मिळविण्याची दृष्टी आहे आणि कुशल-अकुशलाचा विवेकही आहे, तो दोन्ही डोळे असलेला. पहिल्या दोघांपासून दूर राहावे आणि या तिसऱ्याची संगत धरावी असा तथागतांचा उपदेश आहे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, धन मिळविण्याच्या दृष्टीला त्यांनी डोळा म्हटले आहे, रोग म्हटलेले नाही. धम्माचा डोळा उघडण्यासाठी धनाचा डोळा फोडून घ्यावा, असे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही.

आमच्या समाजाला हा विचार इतरांपेक्षा अधिक काळजीने करावा लागतो, त्यास कारण आहे. इतरांच्या बाबतीत गरिबी हा परिस्थितीचा भाग असेल. आमच्या बाबतीत ती शास्त्राची आज्ञा होती. शूद्राने, त्याची ऐपत असली तरी, धनसंचय करू नये असा मनुस्मृतीचा दंडक होता. चांडाळाच्या वाट्याला मृताच्या अंगावरचे वस्त्र, फुटके भांडे आणि लोखंडाचा दागिना एवढेच तिने ठेवले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास त्या ग्रंथाची होळी झाली, तेव्हा हा धनसंचयबंदीचा दंडकही त्या होळीत गेला, हे आपण विसरता कामा नये. परंतु ग्रंथ जाळला तरी गावगाड्यात तोच दंडक वतनाच्या रूपाने नांदत होता. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार हा रात्रंदिवस गावाचा आणि सरकारचा चाकर होता. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा, बलुते आणि दारोदारची भाकरी. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, तेव्हा आपल्यातीलच कित्येकांना हक्काची भाकरी जाते की काय, अशी धास्ती वाटली. माणसाची ईर्षा आणि स्वाभिमान त्याच भाकरीने मारला आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा अखेर १९५८ साली झाला.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांना चांगले वस्त्र नेसण्याचीही बंदी होती, त्यांच्या नातवाने कष्टाच्या पैशाने नवे वस्त्र घेतले तर ती तृष्णा नव्हे. तो एका जुन्या अन्यायाचा प्रतिकार आहे. दारिद्र्याला पावित्र्याचा मुलामा देणारा धर्म बाबासाहेबांना मान्य नव्हता. बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी जो लेख लिहिला, त्यात धर्माच्या कसोट्या सांगताना धर्माने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये, ही कसोटी त्यांनी स्पष्टपणे घातली आहे. ज्याच्याजवळ संपत्ती आहे त्याने तिचा त्याग केला तर त्यात काही थोरवी असू शकेल. परंतु ज्याला ती कधी मिळूच दिली नाही त्याला दारिद्र्यातच धन्यता आहे असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. ज्या महापुरुषाने आपल्याला धम्म दिला, त्याने तरुणपणी अर्थशास्त्राचा अभ्यास केला होता आणि १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ रुपयाच्या प्रश्नावर होता, हा योगायोग समजू नये.

मग तृष्णेचे काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर समजण्यासाठी भिक्खूचा नियम आणि गृहस्थाचा नियम यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये असा विनयाचा नियम आहे, कारण त्याच्या निर्वाहाचा भार संघावर आणि उपासकांवर आहे. गृहस्थावर आईबापांचा, बायकोमुलांचा, आजाऱ्याचा आणि संघाचाही भार आहे. त्याने भिक्खूचा नियम आपल्याला लावून घेतला तर हा भार कोण उचलील? कोलियांच्या कक्करपत्त नावाच्या गावी दीघजाणू नावाचा एक गृहस्थ तथागतांकडे आला आणि म्हणाला की, आम्ही संसारी माणसे, बायकोमुलांच्या गराड्यात राहणारी, चंदन लावणारी, सोने-रुपे बाळगणारी. आमच्यासारख्यांच्या हिताचे काही सांगावे. तथागतांनी त्याला संसार सोडण्यास सांगितले नाही. त्यांनी त्याला ऐहिक हिताच्या चार गोष्टी सांगितल्या : आपल्या धंद्यात उद्योगी व कुशल असणे; घामाने व धर्माने मिळविलेल्या धनाचे रक्षण करणे; सज्जनांची संगत धरणे; आणि आय व व्यय यांचा तोल राखून जीवन जगणे. त्यानंतर श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा या चार गोष्टी सांगितल्या. आधीच्या चार आणि नंतरच्या चार मिळून गृहस्थाचा धम्म पुरा होतो.

तृष्णा ही धनाच्या मोजमापावर ठरत नाही. श्रावस्तीत एक अपत्यहीन सावकार मरण पावला. त्याच्यामागे लाखो सुवर्णनाणी निघाली व ती राजा प्रसेनजिताच्या खजिन्यात गेली. हा मनुष्य जन्मभर कण्या आणि आंबट पेज खात असे, तागाचे जाडेभरडे वस्त्र नेसत असे आणि मोडक्या रथात बसत असे. तथागतांनी त्याची वाखाणणी केली नाही. निर्जन रानातील ज्या तळ्याचे पाणी कोणी पीत नाही व ज्यात कोणी नाहत नाही, तसे हे धन वाया गेले, असे ते म्हणाले. म्हणजे राहणी दरिद्र्याची असूनही मन धनाला चिकटलेले असू शकते. आणि याच्या उलट, अनाथपिंडिकासारखा धनिक धनाचा स्वामी राहून ते मोकळ्या हाताने वेचू शकतो. आपण पैसा वापरतो की पैसा आपल्याला वापरतो, एवढाच काय तो तृष्णेचा प्रश्न आहे.

आता ही दृष्टी व्यवहारात कशी उतरते ते पाहू. पहिला प्रश्न धन येते कोठून हा. शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मादक पदार्थांचा आणि विषाचा असे पाच व्यापार उपासकाने करू नयेत, असे तथागतांनी सांगितले आहे. आमच्या वस्त्यांत यांपैकी मादक पदार्थांचा व्यापार अधिक जवळचा आहे. नागपूरच्या दीक्षेत आपण मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा घेतली. जो स्वतः पीत नाही परंतु शेजाऱ्याच्या मुलाला पाजून घर बांधतो, त्याने प्रतिज्ञेचे अक्षर पाळून तिचा आत्मा विकला आहे. हीच गोष्ट लाचेची. आपला मुलगा आरक्षणाच्या हक्काने तलाठी, अभियंता किंवा अधिकारी झाला, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्याच खुर्चीवर बसून तो एखाद्या विधवेच्या अर्जावर पैसे मागू लागला, तर तो एकाक्षांच्या पंगतीत जाऊन बसला. बाबासाहेबांनी ज्या हक्कासाठी आयुष्य झिजविले, त्या हक्काची ती विटंबना आहे.

दुसरा प्रश्न कर्जाचा. आणि येथे आम्हांस वकील या नात्याने थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. तथागतांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली : धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. ऋण नसण्याला त्यांनी स्वतंत्र सुख म्हणून गणले, याचे मर्म कर्जबाजारी माणसाला सांगावे लागत नाही. आमच्याकडे जी कागदपत्रे येतात, त्यांतील कित्येकांचे मूळ शोधीत गेले तर ते बी-बियाण्यात किंवा औषधपाण्यात सापडत नाही. ते लग्नाच्या मांडवात सापडते. देवक, हळद, गोंधळ, जागरण आपण सोडले, हे उत्तम झाले. परंतु त्यांच्या जागी मोठा हॉल, पाचपन्नास गाड्या, कानठळ्या बसविणारा डीजे आणि हजार पानांची पंगत आली असेल, तर पुरोहिताच्या हातून सुटून आपण सावकाराच्या हाती सापडलो, इतकाच फरक झाला. बौद्ध विवाहास काय लागते? तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा, पांढरी वस्त्रे, दोन हार, मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील आणि कायद्याप्रमाणे नोंदणी. हा विधी साधा आहे तो गरिबांसाठी तडजोड म्हणून नव्हे. साधेपणातच त्याची शोभा आहे.

हिशेब मांडून पाहू. उदाहरणादाखल, ५०,००० रुपये शेकडा दरमहा ५ या दराने काढले, तर दरमहा २,५०० आणि वर्षाला ३०,००० रुपये नुसते व्याज झाले. वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज दिले गेले आणि मुद्दल जागच्या जागी उभे आहे. एका दिवसाच्या मानपानासाठी मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाने ही बेडी पायात घालून घ्यावी काय? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयाबहिणींना सांगितले होते की, मुलांच्या लग्नाची घाई करू नका, त्यांच्या अंगी आर्थिक बळ येऊ द्या. तो उपदेश आजही जुना झालेला नाही.

कर्ज काढणे अगदीच भाग पडले, तर काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्या. महाराष्ट्रात सावकारीचा धंदा करण्यास २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवाना लागतो. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. कोऱ्या स्टँपवर, कोऱ्या कागदावर अथवा कोऱ्या चेकवर सही किंवा अंगठा देऊ नये. तो चेक पुढे वटला नाही म्हणजे तुमच्यावरच फौजदारी उभी राहते. कर्जाच्या तारणासाठी जमिनीचे खरेदीखत कधीही करून देऊ नये. सावकार तोंडाने म्हणतो की, पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देतो. परंतु कागद बोलतो तो विक्रीचा, आणि कोर्टात तोंडापेक्षा कागद मोठा. असा कागद होऊन गेला असेल तरीही हताश होऊ नये. तारण म्हणून लिहून घेतलेली जमीन चौकशीअंती कर्जदारास परत देवविण्याची तरतूद या कायद्यात आहे. त्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करावा. जमीन जुन्या वतनाची असेल तर अधिक सावध राहावे, कारण १९५८ च्या कायद्याने ती कुटुंबास परत मिळाली ती हस्तांतराच्या शर्तीसह. सातबारा आणि फेरफार वाचून घेतल्यावाचून तिच्या कोणत्याही कागदावर सही करू नये.

तिसरा प्रश्न खर्चाचा. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाच्या मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंदा-उद्योगात घालण्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी ठेव म्हणून. ज्याची सारी कमाई दोन वेळच्या जेवणातच सरते, त्याला हे चार भाग जसेच्या तसे करता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु त्यामागील रीत त्यालाही पाळता येते. महिन्याला शंभर रुपये का होईना, ते आधी बाजूला पडले पाहिजेत, उरले तर नव्हे. आणि शेतकऱ्याचे दोन भाग जसे बियाण्यात व अवजारात जातात, तसे मजुराचे दोन भाग मुलांच्या शिक्षणात गेले पाहिजेत; त्याचे शेत ते आहे. त्याच सुत्तात धन गळून जाण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत : मद्य, अवेळी भटकणे, तमाशे-जलशांचा नाद, जुगार, कुसंगती आणि आळस. आजच्या तरुणाच्या खिशातील मोबाइलवर पैसे लावण्याचे जे खेळ आले, ते वेगळे काही नसून चौथी वाटच आहेत. अल्पावधीत रक्कम दुप्पट करून देतो म्हणणारा मनुष्य दारात आला, तर तो आपल्या जातीचा आहे, जय भीम म्हणतो, एवढ्यावर विश्वासू नये. नोंदणी, पावती आणि पत्ता पाहिल्याखेरीज पैसा हातचा सोडू नये.

काटकसर म्हणजे चिक्कूपणा नव्हे, हे विनयातील एका कथेवरून चांगले समजते. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली की, हा श्रमण आता कापडाचे दुकान घालणार की काय. त्याने विचारले, इतक्या चीवरांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटून देईन. आणि त्यांची जुनी? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरी? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळी? जमिनीवरची अंथरुणे. ती जुनी झाली म्हणजे? पायपुसणी, मग फडकी, आणि फडकी फाटली म्हणजे ती कुटून, मातीत कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आयांनी लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे पोतेरे केले, तेव्हा त्या नकळत हाच विनय पाळीत होत्या. त्यांच्या सुनांना आणि नातींना त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

घरातील धनाचा विचार करताना ते कोणाच्या नावावर आहे, हेही विचारले पाहिजे. ज्या घरात बाई मजुरी करून आणते आणि हिशेब मात्र पुरुष एकटा ठेवतो, त्या घरात समतेचा धम्म उंबऱ्याबाहेर थांबला आहे. स्त्रीला मिळकतीचा हक्क मिळावा यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले, आणि ते रखडविले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याच्या कारणांत हे कारण प्रमुख होते. १९५६ चा वारसा कायदा नावाने हिंदू असला तरी तो बौद्धांनाही लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याच्या स्वतंत्र मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा हिस्सा आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. असे असता भाऊबीजेची साडी देऊन बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. बहीण समजून-उमजून, आपल्या खुशीने हक्क सोडीत असेल तर तिची मर्जी. परंतु नात्याचे भय घालून घेतलेली सही हे अदत्तादानच होय, म्हणजे न दिलेले घेणे. आणि पंचशीलातील दुसरे शील रोज म्हणणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे; बौद्ध घरात तो नाव बदलून आला तरी गुन्हाच राहतो.

यावर कोणी म्हणेल की, तुम्ही गरिबालाच काटकसर शिकविता. ज्यांनी त्याला गरीब केले त्यांचे काय? हा आक्षेप योग्य आहे व त्याचे उत्तरही धम्मातच आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एका राजाची कथा आहे. त्याने राज्याचे रक्षण केले, परंतु निर्धनांना धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या आणि हत्येतून असत्य वाढले. कूटदन्त सुत्तातील पुरोहित आपल्या राजाला सांगतो की, चोरांना शिक्षा देऊन चोरी थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला योग्य वेतन दे. म्हणजे दारिद्र्य हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून सोडून न देता राज्यकर्त्याच्या कर्तव्यात त्याची गणना केली आहे. बाबासाहेबांनी १९४७ साली राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या हाती असावेत आणि प्रत्येक प्रौढ माणसाचा विमा सक्तीने उतरविला जावा, अशी मागणी केली होती, ती याच वाटेची. तेव्हा किमान वेतन, शिष्यवृत्ती, जमीन, रेशन यांसाठी झगडणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु झगडणाऱ्याच्या गळ्यात सावकाराचा फास असेल, तर त्याचा आवाज चढत नाही. ज्याच्या घरी चार महिन्यांचे धान्य आहे, तो मालकाच्या आणि पुढाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकतो. काटकसर ही हक्काच्या लढ्याची शिदोरी आहे.

शेवटचा प्रश्न दानाचा. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा निदान विसावा भाग धम्मकार्यास द्यावा, असे सांगितले. विसावा भाग म्हणजे रुपयाला पाच पैसे. हे दान कोठे जाते, हे विचारण्याचा दात्याला पूर्ण अधिकार आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. त्याने भिक्खूंच्या खर्चासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले : २,००० शेकडा दरमहा १ या दराने आणि १,००० शेकडा दरमहा पाऊण या दराने. मुद्दल परत करावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. २,००० चे वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते, त्यांचीही बेरीज २४०. एका कार्षापणाचाही घोळ नाही. या व्यवहाराची नोंद नगरसभेत झाली आणि तो सर्वांना वाचता यावा म्हणून दगडात कोरला गेला. जुन्नरच्या लेण्यांतही धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा लेख आहे.

आपल्या पूर्वीच्या बौद्धांचा धम्म अशा चोख हिशेबावर उभा होता. आज विहाराच्या आणि जयंतीच्या वर्गणीवरून भावाभावांत, गटागटांत दावे चालतात, तेव्हा या शिलालेखाची आठवण व्हावी. विहाराची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे करावी, पैसा बँकेत संस्थेच्या नावे ठेवावा, आणि जयंती झाल्यावर आठ दिवसांत जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावावा. वर्गणीचा मोठा भाग डीजेत न उडविता मुद्दल राखावे व त्याच्या व्याजातून वस्तीतील मुलामुलींची पुस्तके आणि परीक्षेची फी भरावी. दहा वर्षांत अशा एका वस्तीतून किती मुले पदवीधर होतील, याचा विचार प्रत्येक मंडळाने करावा. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापून बाबासाहेबांनी मुंबईस सिद्धार्थ आणि औरंगाबादेस मिलिंद ही महाविद्यालये उभारली, ती पैशाला अशी दिशा दिली म्हणून.

आमचे वाचक बहुधा अलीकडे दीक्षा घेतलेले आहेत. कोणाच्या घरी अजून जुन्या चालीची माणसे आहेत, कोणाच्या घरी पहिलीच पदवी आली आहे. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, या पौर्णिमेस वंदना झाल्यावर घरातील सर्वांनी, बायकांनी आणि मोठ्या मुलांनीही, एका वहीभोवती बसावे. त्या वहीत चार गोष्टी लिहाव्या : महिन्याला काय येते, ते कोणत्या वाटेने येते, कोणाचे किती देणे आहे, आणि धम्मासाठी व शिक्षणासाठी किती निघते. पहिल्या महिन्यात हे आकडे पाहून मन खट्टू होईल. तरीही वही बंद करू नये. आपल्या पूर्वजांचा हिशेब शेकडो वर्षे दुसऱ्यांनी लिहिला आणि दर वेळी बाकी आपल्याच अंगावर काढली. आता लेखणी आपल्या हाती आहे, शील आपल्या हाती आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून आपला हिशेब आपण लिहावा.